पोरांना इतिहास शिकवताना तुमच्याकडे काय घडलं? (अनुभव धागा)

तिसरी-चौथीच्या वर्गावर माझी सतरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, शिवाजी महाराज आणि बाबासाहेब एकमेकांना ओळखायचे का?" वर्गात कोणीच हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही तेच विचारायचं होतं. मी क्षणभर गप्प झाले आणि मग लक्षात आलं की तिचं काहीच चुकलेलं नाही, दोघांचे फोटो एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आहेत, दोघांनाही आम्ही हार घालतो, मग मधे किती काळ गेला हे तिला कळणार तरी कसं? १६३० आणि १८९१ फळ्यावर लिहिलं तर तिच्यासाठी ते नुसते आकडे. आठ वर्षांच्या पोराला शंभर वर्षं म्हणजे किती हे सांगायला काही माप लागतं.

दुसऱ्या दिवशी सुतळीचा गुंडा घेऊन गेले. एक वीत म्हणजे दहा वर्षं. वीत कुणाची यावरून आधी पाच मिनिटं भांडण झालं, शेवटी बाईंची वीत असं ठरलं. त्यांचं स्वतःचं वय वीतभरही भरेना. आजी साडेसहा वितींवर, १९४७ आठव्या वितीजवळ, बाबासाहेबांचा जन्म तेराव्याच्या पुढे, तिथं लाल चिंधी बांधली. मग मोजत मोजत व्हरांडा संपला, पायऱ्या उतरलो आणि महाराजांच्या जन्माची भगवी चिंधी चाळिसाव्या वितीला हापशाजवळ बांधली. ती मुलगी लाल चिंधीपासून हापशापर्यंत दोनदा चालत गेली. परत येऊन म्हणाली, "लईच लांब हाय की बाई, कसं भेटणार."

तर तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. काय जमलं तेही आणि काय फसलं तेही. शिक्षकांनी लिहा, आईबाबांनी लिहा, आजीआजोबांनी तर नक्कीच लिहा.

एक शिक्षक, शिरूर तालुका

सुतळीचं वाचलं आणि राहवलं नाही. मी पाचवीला शिकवतो. परिसर अभ्यासात अश्मयुगापासून स्थिर जीवनापर्यंतचे धडे आहेत आणि आमच्या नशिबानं इनामगाव जवळ, घोड नदीच्या काठावर, जिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तुमच्या मापानं तीन हजार वर्षं म्हणजे तीनशे विती, शाळेच्या फाटकाबाहेर जाईल सुतळी.

मी पोरांना तिथल्या घरांचं सांगत होतो, आधीची मोठी चौकोनी घरं, जवाचं पीक, आणि नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या. एक पोरगा लगेच म्हणाला, सर मधे दुष्काळ पडला असंल. अभ्यासकांनीही हवामान कोरडं होत गेल्याचं कारण दिलंय, आणि हा पठ्ठ्या ते स्वतःच्या शेताकडं बघून सांगत होता.

पण मला सांगायचंय ते वेगळं. इनामगावला लहान मुलं गेली तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकाला लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. हे सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला, पोरं घाबरतील असं वाटलं. सांगितलं. वर्ग एकदम शांत. एकानं विचारलं, घरातच का पुरायचे? मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली, "आईला लांब ठेवू वाटत नसंल."

मी तिला हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. म्हणलं, मडकी सापडली, हाडं सापडली, मनातलं काही जमिनीत सापडत नाही, तिथं आपण अंदाज करायचा आणि अंदाज आहे असंच सांगायचं. पुरावा म्हणजे काय हे मी पंधरा वर्षं व्याख्या पाठ करून घेत शिकवलं, ते खरं त्या दिवशी शिकवलं गेलं.

एक बाबा, ठाणे

माझा अनुभव फसलेला आहे. मुलगी चौथीत होती तेव्हा मी तिला सनावळी पाठ करायला लावली, रोज रात्री जेवणं झाली की प्रश्न. अफजलखान? १६५९. शाहिस्तेखान? १६६३. पुरंदरचा तह? १६६५, तेवीस किल्ले. आग्रा? १६६६. राज्याभिषेक? १६७४. पेपरात पैकीच्या पैकी मिळाले. सुट्टीत तिला रायगडला घेऊन गेलो, वाटलं हरखून जाईल, तर पायथ्यालाच तिनं विचारलं, "बाबा, इथं पण विचारणार का?" माझ्या पोटात खड्डा पडला. त्या दिवशी वर जाईपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. पण आजही ती इतिहासाचं पुस्तक स्वतःहून उघडत नाही आणि याला मीच कारणीभूत आहे. दुसऱ्या कुणी हे करू नये म्हणून लिहितोय.

निवृत्त मुख्याध्यापिका, लातूर जिल्हा

आमच्याकडे १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडावंदन असतं. उर्वरित महाराष्ट्रातल्या पोरांना वाटतं सगळा देश एका दिवशी स्वतंत्र झाला, आमच्या पोरांना विचारा, ती सांगतील की आमच्याकडं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं.

रझाकारांचं (हैदराबादच्या निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना) शिकवताना एका वर्षी असं झालं की मी अत्याचार सांगत गेले, गाव सोडून पळालेली माणसं, जाळलेली घरं, आणि सांगता सांगता बघितलं तर अर्धा वर्ग माझ्याकडं बघत नव्हता, वर्गातल्या एका मुलाकडं बघत होता. त्याचं नाव मुसलमान होतं एवढंच. तो वहीत मान घालून बसलेला. नऊ वर्षांचं लेकरू. मी तो धडा तिथंच थांबवला, पुढचं मला सुचेचना.

घरी येऊन रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी शोएबुल्ला खान यांचं सांगितलं. हैदराबादला 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक काढायचे, संस्थान भारतात यायला पाहिजे असं उघड लिहायचे, म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना भर रस्त्यात ठार मारलं. मग मी मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचं सांगितलं. घडलेलं काही लपवलं नाही, अत्याचार झाले ते झालेच, पण कुणी केले आणि कुणी त्याच्या विरुद्ध जीव दिला हे नावानिशी सांगितलं. त्या मुलानं वर बघितलं. मधल्या सुट्टीत त्यानं माझ्या टेबलाजवळ येऊन विचारलं, "त्यांचं नाव परत सांगा ना," आणि तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

महाराजांचं शिकवतानाही मी मग तेच ठेवलं. आरमारात दौलतखान होते, औरंगजेबाकडून मिर्झाराजे जयसिंग चालून आले होते, अफजलखानाचे वकील कृष्णाजी भास्कर होते. चौथीच्या पोराला हे समजत नाही असं म्हणतात, चांगलं समजतं.

(धागा काढणारी) ताई, हे वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. माझ्याही वर्गात अशी नजर फिरलेली आहे आणि मी पाहूनही पुढं गेलेली आहे. आता नाही जाणार.

एक आई, पुणे

आमच्याकडे दिवाळीतला किल्ला. दरवर्षी माती, विटा, पोतं, वर अळीव पेरायचे, बाजारातून मावळे आणायचे, वर महाराज. गेल्या वर्षी त्याआधी शिवनेरीला गेलो होतो आणि लेकानं गंगा-जमुना टाक्यांचं पाणी बघितलं, हात घातला, गार पडला हात. घरी आल्यावर किल्ला बांधताना त्यानं सगळं काम थांबवलं, "आई, आपल्या किल्ल्यावर पाणीच नाही, मावळे पिणार काय?" मग करवंट्या पुरून तीन टाकी झाली. मग धान्याचं कोठार हवं. मग चोरदरवाजा. शेजारच्या काकांनी सांगितलं की टाकं खोदताना निघालेला दगडच तटाला वापरायचे, तर हा तेवढ्यासाठी आधी खड्डा करून त्याचीच माती बुरुजाला लावत बसला. तलवारीचं वेड होतंच, ते आहे अजून, पण आता कुठल्याही गडावर गेला की पहिलं टाकं शोधतो.

प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं एक दगड उताणा पडलेला, बायका त्यावर गोधड्या धुवायच्या. मी बदलून आलो तेव्हा बघितलं, तो वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. चौथीच्या पोरांना घेऊन गेलो, पाणी टाकलं, मऊ ब्रशनं माती काढली (तारेचा ब्रश लावू नका, झीज होते). खालच्या चौकटीत लढाई आणि गाई, म्हणजे गावाची गुरं सोडवताना माणूस पडला. मधे त्याला अप्सरा घेऊन चालल्यात. वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि टोकाला चंद्र-सूर्य. पोरांना मी खालून वर वाचायला सांगितलं, त्यांनी गोष्ट स्वतः वाचली, अक्षर एकही नाही त्यावर.

पोरांनी सरपंचांना पत्र लिहिलं, दगड उभा करा म्हणून. तीन आठवड्यांनी झाला उभा. आता त्याला कुणी शेंदूर लावू नये म्हणून पाळीपाळीनं लक्ष ठेवतात!

एक आजोबा, डिचोली

गोव्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नात चौथीत, मराठी शाळेत. १९ डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमासाठी तिला भाषण होतं, तर मी तिला भाषण लिहून न देता माझा जन्माचा दाखला दिला. पोर्तुगीज भाषेतला. तिला वाचता येईना, तिच्या आईबाबांनाही येईना. "आबा, तुमचा दाखला तुम्हाला तरी वाचता येतो का?" म्हटलं, थोडा येतो, माझ्या वडिलांना अजिबात येत नव्हता, आणि मुलाच्या नावापुढं काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागायचं. १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं. परकं राज्य म्हणजे काय ते तिला तेवढ्यात कळलं. भाषणात तिनं तोच दाखला हातात धरला.

शिक्षिका, बीड जिल्हा

मी पोरांना गृहपाठ दिला होता, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुम्ही आमच्याएवढे होता तेव्हा काय झालं होतं. बत्तीस पोरं, त्यातल्या वीसेक वह्यांत एकच शब्द, बहात्तरचा दुष्काळ. एकीनं लिहिलं, आजी म्हणती लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाल्ला, घशाखाली उतरत नव्हता. एकानं सुकडीचं, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाण्याचं लिहिलं, दुष्काळी कामावर वाटायचे ती. एकाच्या आजोबांनी गुरं सोडून दिली होती, त्यापुढं वहीत काहीच नाही, पोरगा म्हणाला, "बाई, आजोबा पुढं बोललेच नाहीत."

मग एका पोराच्या आजीला शाळेत बोलावलं. आजी खुर्चीवर बसेना, पोरांच्यात सतरंजीवर बसली. आधी म्हणाली मला काय येतंय, मी अडाणी. मग हात पुढं केले. डाव्या हाताचं एक बोट वाकडं होतं, ते खडी फोडताना हातोडी बसून मोडलेलं, दवाखान्यात जायला दिवसभराची मजुरी बुडली असती म्हणून फडकं बांधून तशीच कामावर गेली. पोरं एकेक करून ते बोट बघत होती, एकीनं हळूच हात लावला.

"आनि तुमी त्या तळ्यात पवता न्हवं," आजी म्हणाली, "त्याची माती म्या वाह्यली डोक्यावर. पोटात ह्याचा बाप हुता."

गावाबाहेरचा पाझर तलाव. आमची सगळी पोरं उन्हाळ्यात तिथं पोहतात. मी त्या गावात नऊ वर्षं होते, तळं कुणी बांधलं हे मलाही माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर पोरं घरी न जाता आजीला घेऊन तळ्यावर गेली आणि ती कुठून कुठपर्यंत माती टाकायची ते तिला बांधावर उभं करून दाखवायला लावलं.