परदेशात स्वतः गाडी चालवताना फोनच्या नकाशावर कितपत विसंबावे?

दूरवाट यांचा प्रश्न

येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे म्युनिकला भाड्याची गाडी घेऊन इन्सब्रुक, ल्युत्सर्न, गोटहार्डमार्गे मिलान, पुढे व्हेरोना आणि ब्रेनर खिंडीतून परत म्युनिक असा बारा दिवसांचा प्रवास करणार आहोत. बहुतेक वेळ गाडी मीच चालवणार असून माझे यजमान शेजारी बसतील. आम्हा दोघांनाही रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय आहे. उजव्या बाजूने चालवण्याची ही माझी दुसरीच वेळ असेल.

पहिल्या वेळी एक प्रसंग घडला होता आणि त्याची धास्ती अजून गेलेली नाही. एका डोंगराळ भागात मी चुकीच्या फाट्यावर वळले आणि नेमके तिथेच फोनचे नेटवर्क गेले. पडद्यावर आमचा निळा ठिपका दिसत होता, पण त्याच्याभोवतीचा नकाशा कोरा झाला होता आणि अॅप नवा रस्ता शोधून देईना. संध्याकाळ होत आलेली, विचारायला माणूस नाही, अशा स्थितीत आम्ही पाऊण तास चाचपडत होतो. म्हणून या वेळी आधीच विचारते आहे. इंटरनेट नसताना फोन वाट दाखवू शकतो का? गाडीसोबत वेगळे भाडे देऊन नॅव्हिगेशनचे यंत्र घ्यावे का? आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व इटली या चार देशांत फोन वापरण्याबाबत कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे लागते?

ध्रुवतारा यांचे उत्तर

आपल्याला निळा ठिपका दिसत होता आणि नकाशा दिसत नव्हता, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, कारण या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी येतात. गाडी कुठे आहे हे फोनला उपग्रहांकडून कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात, फोन ते केवळ ऐकतो आणि किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपले स्थान स्वतःच मोजतो. त्यासाठी ना सिम लागते ना इंटरनेट. रस्त्यांचा नकाशा मात्र आधी उतरवून ठेवलेला नसेल तर तो त्या त्या क्षणी इंटरनेटवरूनच यावा लागतो, आणि नवा मार्गही बहुधा दूरच्या संगणकावर आखून फोनकडे येतो. म्हणजे त्या संध्याकाळी आपण कुठे आहात हे फोनला ठाऊक होते. आसपास कोणते रस्ते आहेत हे ठाऊक नव्हते.

यावरचा उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी वायफायवर संपूर्ण मार्गाचे ऑफलाइन नकाशे उतरवून घ्यावेत. गूगल मॅप्समध्ये नकाशावर चौकट आखून तो भाग साठवता येतो. आपल्या मार्गासाठी अशा अनेक चौकटी लागतील आणि त्या एकमेकींवर थोड्या चढतील अशा घ्याव्यात, म्हणजे मध्ये फट राहणार नाही. हे नकाशे ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होतात, म्हणून दोन महिने आधी उतरवून निर्धास्त राहू नये. ऑफलाइन असताना गाडीचा मार्ग मिळतो, परंतु वाहतूककोंडीची माहिती आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत. म्हणून मी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड यांपैकी एक अॅपही फोनमध्ये ठेवतो. ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या नकाशावर चालतात, त्यांत संपूर्ण प्रदेश एकदम साठवता येतो आणि मार्गाची आखणी फोनमध्येच होते.

एक चाचणी मात्र घरीच करावी. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून ल्युत्सर्न ते मिलान हा मार्ग काढून पाहावा. तो निघाला तर नकाशे खरोखर फोनमध्ये आहेत, असे समजावे.

डेटाबद्दलही एक सूचना करतो, कारण येथे पुष्कळ जण फसतात. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून संघातील कोणत्याही देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालते, पण स्वित्झर्लंड या संघात नाही. म्युनिकला घेतलेले सिम ऑस्ट्रियात आणि इटलीत विनातक्रार चालेल आणि ल्युत्सर्नमध्ये बंद पडेल किंवा भरमसाट बिल आणेल, असे होऊ शकते. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठाने जाताना तर आपण ऑस्ट्रियात असूनही फोन पलीकडचा स्विस मोबाइल मनोरा पकडू शकतो. म्हणून सिम किंवा ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे का, हे स्वतः वाचून घ्यावे. आपले मूळ सिम बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवावे, पण त्यावरचे डेटा रोमिंग बंद करावे.

घाटमाथा यांचे उत्तर

ध्रुवतारा यांनी सांगितलेले सर्व योग्यच आहे, पण या मार्गावर नेटवर्क जाण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. फोनला रस्ता माहीत असतो. त्या रस्त्यावरून जाण्याची आपल्याला परवानगी आहे की नाही, हे त्याला दर वेळी माहीत असतेच असे नाही, आणि दंड मात्र चालकालाच होतो.

सर्वांत मोठा धोका इटलीत आहे. तेथील बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झोना त्राफ्फिको लिमितातो’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते आणि व्हेरोनाही त्याला अपवाद नाही. मिलानमध्ये ‘एरिया सी’ नावाचे शुल्कक्षेत्र आहे. वेशीवर लाल कड्याची पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा असतो. फाटक नसते, पोलीसही उभा नसतो. आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपला जातो. इलेक्ट्रॉनिक पाटीवर ‘वार्को अत्तीवो’ असे दिसले तर ती वेस त्या वेळी चालू आहे आणि परवाना नसलेल्यांना प्रवेश बंद आहे, असा त्याचा अर्थ. ‘अत्तीवो’ या शब्दामुळे ‘रस्ता चालू आहे’ असे समजून आत जाणारे लोक मी पाहिले आहेत. फोन अशा क्षेत्राची सूचना देईलच, असे धरून चालू नये. माझ्या बाबतीत फोनने हॉटेलच्या दारापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता दाखवला, मी त्यावरून गेलो, चूक लक्षात आल्यावर गल्लीला वळसा घालून पुन्हा आलो आणि दोन वेगळ्या नोंदींचे दोन दंड घरी परतल्यावर कित्येक महिन्यांनी आले. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी माझे नाव पालिकेला कळवल्याबद्दल स्वतंत्र शुल्क घेतले, ते निराळेच.

दुसरी बाब टोलची. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे महामार्ग वापरण्यासाठी व्हिन्येट, म्हणजे मुदतीचा पथकर भरल्याचे चिन्ह, घ्यावे लागते. ऑस्ट्रियात ते थोड्या दिवसांचेही मिळते, स्वित्झर्लंडमध्ये मात्र केवळ वार्षिक असते आणि त्याची किंमत ४० फ्रँक आहे. दोन्हीकडे ते आता डिजिटल स्वरूपातही मिळते, परंतु ते गाडीच्या क्रमांकाशी जोडलेले असते आणि भाड्याच्या गाडीचा क्रमांक किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणून म्युनिकमध्ये गाडी ताब्यात घेताना तिला आधीच कोणते व्हिन्येट आहे ते विचारून, नसेल ते सीमेपूर्वी घ्यावे. ब्रेनरच्या महामार्गाचा टोल या व्हिन्येटमध्ये येत नाही, तो वेगळा भरावा लागतो. फोनमध्ये ‘टोल टाळा’ हा पर्याय चुकून चालू राहिला असेल तर तो आपल्याला तासन्‌तास गावागावांतून फिरवील, हेही तपासून घ्यावे.

याच ब्रेनरच्या परिसरात आणखी एक नियम आहे आणि तो नेमका फोनमुळेच आला. महामार्गावर कोंडी झाली की अॅप हजारो गाड्यांना एकाच वेळी शेजारच्या खेड्यांतून वळवू लागले आणि त्या खेड्यांतील लोकांना घराबाहेर पडणे कठीण झाले. म्हणून ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताने २०१९ च्या उन्हाळ्यापासून गर्दीच्या हंगामात, शनिवार-रविवारी, प्रांतातून केवळ पार जाणाऱ्या गाड्यांना कोंडी टाळण्यासाठी महामार्ग सोडून लहान रस्त्यांवर उतरण्यास बंदी घातली. फोनने ‘दहा मिनिटे वाचतील’ असे सांगितले तरी अशा दिवशी महामार्गावरच राहावे. खाली उतरलात तर पोलीस परत पाठवतात. मला हा नियम मनापासून पटतो, कारण आपली दहा मिनिटे वाचावीत म्हणून कुणाच्या अंगणातून सगळी वाहतूक जावी, हे योग्य नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. चालत्या गाडीत चालकाने फोन हातात धरून वापरणे चारही देशांत बेकायदेशीर आहे. जर्मनीत त्यासाठी १०० युरो दंड आणि चालकाच्या नावे नोंदला जाणारा एक दोषगुण आहे, आणि सिग्नलला गाडीचे इंजिन आपोआप बंद झाले असले तरी कायदा ते बंद मानत नाही. वेगतपासणीच्या कॅमेऱ्यांची पूर्वसूचना देणारी अॅप्स जर्मनीत चालकाने वापरण्यास मनाई आहे. कार्ल्सरुहे येथील वरिष्ठ न्यायालयाने २०२३ मध्ये शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या फोनवर असे अॅप चालू असतानाही चालकाला दोषी ठरवले. स्वित्झर्लंडही याबाबत कडक आहे. ही सोय आपल्या अॅपमध्ये असेल तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच ती बंद करावी.

सहचालक यांचे उत्तर

मी स्वतः गाडी चालवत नाही. गेली अनेक वर्षे शेजारच्या आसनावर बसून वाट सांगण्याचे काम करतो, आणि आपल्या यजमानांनी हे काम पूर्णपणे स्वतःकडे घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रस्त्याच्या अनोळखी बाजूने चालवताना आपले सर्व लक्ष समोर असणे आवश्यक आहे. पत्ता भरणे, मार्ग बदलणे, पेट्रोलपंप शोधणे यांपैकी काहीही आपण करू नये.

त्यांनी फोनचे वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणू नये, त्यात चालकाला लागणारी माहिती घालावी. फोन ‘डावीकडे वळा’ एवढेच म्हणतो. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात डावे वळण म्हणजे समोरून येणारी वाहतूक ओलांडणे, म्हणून ‘डावीकडे, समोरच्यांना जाऊ देऊन, पलीकडच्या उजव्या बाजूला’ असे सांगावे. तेथे राउंडअबाउटमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचे असते. तिसरा एक्झिट सांगितला असेल तर प्रत्येक एक्झिट मागे पडताना त्यांनी मोठ्याने मोजावे. जर्मनीतील ज्या चौकात पाटी किंवा सिग्नल नसतो, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते आणि हे कोणतेही अॅप सांगत नाही.

पाट्या वाचण्याची सवयही ठेवावी. महामार्गाच्या पाट्या जर्मनी आणि ऑस्ट्रियात निळ्या, तर स्वित्झर्लंड आणि इटलीत हिरव्या असतात. सीमा ओलांडल्यावर निळ्या पाटीमागे जात राहिलात तर महामार्ग सोडून साध्या रस्त्याला लागाल. गावांची नावेही बदलतात. ब्रेनरच्या दक्षिणेला एकाच गावाला जर्मन भाषेत बोत्सेन आणि इटालियन भाषेत बोल्झानो म्हणतात, आणि इटालियन लोक म्युनिकला मोनाको दी बाव्हिएरा म्हणतात. फोन एक नाव उच्चारतो आणि पाटीवर दुसरेच असते, त्या क्षणी चालक गोंधळतो. युरोपीय महामार्गाचा ‘ई’ क्रमांक मात्र बदलत नाही. गोटहार्डमार्गे ई-३५ आणि ब्रेनरमार्गे ई-४५ हे दोन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावेत.

गोटहार्डचा बोगदा १६.९ किलोमीटर लांब आहे. आत उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत, त्यामुळे ठिपका थांबेल किंवा अंदाजाने सरकेल. आत फाटा नसल्याने काळजीचे कारण नाही. शहराखालच्या बोगद्यांत मात्र फाटे असतात. तिथे आत शिरण्यापूर्वीच ‘पुढचा फाटा कोणता, लेन कोणती’ हे त्यांनी पाहून सांगितलेले असावे.

दूरवाट यांचा प्रतिसाद

आपणा तिघांचे मनापासून आभार. व्हेरोनातले आमचे हॉटेल नकाशावर पाहिले तर ते जुन्या शहराच्या अगदी मध्यभागी आहे. आता काय करावे? तसेच फोन गाडीत कुठे लावावा आणि वेगळे यंत्र घ्यावे की नाही, हेही कृपया सांगावे.

घाटमाथा यांचे उत्तर

हॉटेलला आजच लिहून विचारावे. इटलीत अनेक ठिकाणी पाहुण्यांच्या गाडीचा क्रमांक हॉटेल पालिकेकडे नोंदवून देते आणि मग त्या गाडीला प्रवेश मिळतो. मात्र कोणत्या वेशीने, कोणत्या वेळेत आणि क्रमांक कधीपर्यंत कळवायचा, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. मला विचाराल तर मी फोनमध्ये हॉटेलचा पत्ता घालणारच नाही. त्या क्षेत्राबाहेरचे एखादे वाहनतळ निवडून तेच गंतव्य म्हणून भरीन आणि तिथून सामान घेऊन चालत जाईन.

ध्रुवतारा यांचे उत्तर

वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. त्याऐवजी यजमानांच्या फोनमध्येही तेच ऑफलाइन नकाशे उतरवावेत, म्हणजे एक फोन बिघडला तरी दुसरा हाताशी राहील. फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणारी अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले ही सोय असलेली गाडी मिळाली तर उत्तम, पण सोबत स्वतःची केबल न्यावी. जुन्या गाड्यांच्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर प्रवाह मिळतो आणि नॅव्हिगेशन चालू असताना तेवढ्याने बॅटरी उतरतच राहते, म्हणून सिगारेट लायटरच्या जागी बसणारा चांगला चार्जरही बरोबर असू द्यावा. होल्डर एसीच्या झडपेवर लावल्यास समोरची दृष्टी अडत नाही आणि थंड हवेमुळे फोनही तापत नाही. काचेखालच्या उन्हात ठेवलेला फोन तापून मंदावतो किंवा बंद होतो. अॅपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेली मर्यादाच ३५ अंश सेल्सिअसची आहे. आणि गाडी परत करताना तिच्या स्मृतीतून आपला फोन काढून टाकावा, नाहीतर आपले संपर्क आणि गेलेले पत्ते पुढच्या भाडेकरूला दिसू शकतात.