परदेशातल्या सरकारी कचेऱ्या आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर नव्यानेच आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, माझं इथे राहण्याचं परमिट संपतंय, अर्ज केलाय पण उत्तर नाही. घरी भावाचं लग्न आहे, जाऊ का?" तिला उत्तर टाइप करता करता २०१७ चा जानेवारी आठवला आणि रात्री झोपच लागेना.

मी जर्मनीत असते. नाशिकला बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा माझं जुनं परमिट संपत आलं होतं आणि नवीन कार्डाचा पत्ता नव्हता. मधल्या काळासाठी इथे एक तात्पुरता कागद देतात, सगळे त्याला 'फिक्शन' म्हणतात. घडीचा कागद, आत तीन चौकटी. तिसरीत फुली असेल तर जुनं परमिट चालू धरतात, देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत असेल तर इथे राहा, पण त्या कागदावर परत येता येत नाही. माझ्याकडे तर तो कागदही नव्हता, नुसती अर्जाची पोच. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची.

पहाटेच्या अंधारात बर्फात रांग लावली. भाऊ आयसीयूबाहेरून मेसेज करतोय आणि इकडे माझी बोटं गारठून फोन उघडत नाहीये. काउंटरवरच्या बाई आधी नाहीच म्हणाल्या. मी हॉस्पिटलचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, अगदी खालच्या शिक्क्यापर्यंत. उठून आत गेल्या. परत आल्या त्या कागद घेऊनच, आणि माझ्या हातात देण्याआधी तिसऱ्या चौकटीवर पेन टेकवून मला दाखवलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बाबा त्यातून उठले, आता रोज गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) फिरायला जातात.

नियम असावेत, मला मान्य आहे. पण घरी माणूस आजारी आणि आपण एका फुलीसाठी अडकलेलो, ही भीती फार वाईट. नव्याने आलेल्यांना हे कुणी आधी सांगत नाही. म्हणून धागा काढलाय. कुठल्याही देशातलं असो, लिहा.

वांगीभात
तिसरी चौकट!! वाचून अंगावर काटा आला. आमच्या ह्यांची फुली पहिलीत होती, सासूबाईंचं शेवटचं दर्शन राहिलं. अजून बोलत नाहीत त्यावर. कुकर झालाय, नंतर लिहिते.

रानजाई
वांगीभात, काय बोलू. सावकाश लिही, नाही लिहिलंस तरी चालेल.

सुमीची_आई
माझं सगळं रामायण नावाचं. डिग्री माहेरच्या नावाने. लग्नात सासूबाईंनी तांदळात नवीन नाव लिहिलं, पासपोर्ट त्या नावाने. सुमी झाली तेव्हा इथल्या (ऑस्ट्रेलिया) फॉर्मवर आईचं जन्मावेळचं नाव वेगळं, आत्ताचं वेगळं. आत्ताचं म्हणजे आडनावच बदललं असणार असं ते धरून चालतात. पहिलंसुद्धा बदललेलं बघून तो माणूस फारच गोंधळला. दोन्ही नावांची एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, लग्नाचा दाखला, सगळं लावलं. मला राग त्या ऑफिसचा नाही आला. एम.एस्सी. मी ज्या नावाने झाले ते नाव मला दर वेळी पुराव्यानिशी परत मागावं लागतं, त्याचा येतो. लेकीला सांगून ठेवलंय, तुझं नाव कुणी बदलायचं नाही.

घारापुरीकर
@सुमीची_आई शंभर टक्के सहमत.

शारजात असतो. फॅमिली व्हिसासाठी मॅरेज सर्टिफिकेट. आमचं लग्न ९६ सालचं, अलिबागला, नोंदणी कुणी केलीच नव्हती. आता करायची तर फॉर्मवर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी कुठे? मेव्हण्याने शोधून काढले, मुलाकडे पेणला राहायला गेलेले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण म्हणाले, "लग्नाला पाऊस आला होता तेच ना?" आणि सही केली. मग तो दाखला मंत्रालय, तिथून दिल्लीला परराष्ट्र खातं, मग यूएईची वकिलात, मग इकडे येऊन परत इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का. अमिरात त्या करारात नाही, म्हणून एवढी साखळी. दाखल्याची पाठ शिक्क्यांनी आणि स्टिकरांनी भरून गेली. बायको-पोरं आली त्या दिवशी एअरपोर्टवर मी लहान मुलासारखा रडलो.

ज्यांची लग्नं नोंदवायची राहिलीत त्यांनी गुरुजी आहेत तोवर नोंदवून घ्या हो.

पुन्हा_सांगलीकर
अपोस्टिलचं निघालंच आहे म्हणून. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण जर्मनीने भारताबाबत आक्षेप नोंदवलेला आहे. त्यामुळे आपला अपोस्टिल जर्मनीत चालत नाही, दाखल्याची प्रत्यक्ष पडताळणी होते. खूप जण पैसे घालून अपोस्टिल करतात आणि मग कळतं.

आमच्या पडताळणीला सांगलीला वकील घरी आला. आईबाबा गावाला गेलेले. त्याने शेजारच्या काकूंना विचारलं, ह्यांच्या मुलाचं लग्न खरंच झालंय का. काकूंनी आत बोलावून चहा दिला, अल्बम दाखवला (त्यांच्याकडे आमचा अल्बम का होता ते विचारू नका) आणि पंगतीत कोण कोण होतं ते सांगितलं. तो दोन तासांनी गेला. काकूंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

वांगीभात
हाहा काकू 🙏 अशा काकू प्रत्येक गल्लीत पाहिजेत.

आजोबा_एडिसन
आमचा प्रश्न वेगळा. मी निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषद. लेकाकडे न्यूजर्सीत असतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, आयुष्यभर खडू धरला त्याचा परिणाम. पूर्वी वकिलातीत जाऊन सही घ्यायची आणि कागद बँकेला पोस्टाने पाठवायचा. एकदा तो पोचला नाही आणि पेन्शन थांबली. पैशाचं नव्हे, सून-मुलगा बघतात सगळं. पण स्वतःच्या पेन्शनीतून नातवाला खाऊ आणायची सवय मोडली त्याचं वाईट वाटलं. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. नातवाने फोन धरला आणि म्हणाला आजोबा, डोळे मिचकवा. झालं. माझ्यासारख्यांनी हेच करावे.

सुमीची_आई
आजोबा 🥹 माझ्या बाबांनाही ठसे येत नाहीत, ते सुतारकाम करायचे. चेहऱ्याचं आजच कळवते.

पाऊसवेडा
ऑफिसातून लिहितोय, थोडक्यात. अमेरिका. गाडीच्या लायसन्सची मुदत मुक्कामाच्या मुदतीला बांधलेली. एक्स्टेंशनचं मंजुरीपत्र आलं नाही तोवर लायसन्स नाही. आमच्या गावात बस नाही. बायको एच-४ वर (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) होती, तिच्यासारख्यांना कामाची परवानगी मिळायला लागली मे २०१५ पासून. त्याआधीची तिची वर्षं भरून येणार नाहीत. दंतवैद्यक शिकलेली बाई घरी बसून होती. यावर तिनेच लिहायला हवं, आज लिहायला सांगतो.

डॉ_दातवाली
लिहितेय. ते थोडक्यात म्हणाले, माझं थोडक्यात होणार नाही. मला परवानगीपेक्षा जास्त लागलं ते फॉर्मवरचं 'डिपेंडंट'. दर वेळी त्या चौकोनात टिक करताना हात थांबायचा. २०१५ च्या उन्हाळ्यात अर्ज केला, कार्ड आलं त्या दिवशी मी ते देवासमोर ठेवलं. मग लायब्ररीत तासांवर काम धरलं, कारण दंतवैद्यकाचं लायसन्स वेगळंच, त्यासाठी इथल्या परीक्षा आणि पुन्हा कॉलेज. आता प्रॅक्टिस आहे. पहिला पेशंट एक तेलुगू आजी होत्या, त्यांना इंजेक्शनची भीती वाटायची म्हणून त्यांचा हात धरून बसले होते.

रानजाई
डॉक्टर, हे एवढं एकच वाचायला मिळालं तरी धागा काढल्याचं सार्थक झालं.

शिंपला
यूके. इकडे राहण्याच्या परवान्याचं प्लास्टिकचं कार्डच बंद केलं, २०२४ च्या शेवटी मुदत संपली सगळ्यांची. आता सगळं ऑनलाइन, हातात काही नाही. आईला घेऊन मुंबईहून परत येताना चेक-इनला कार्ड मागितलं. मी फोनवर ई-व्हिसा उघडते तर साइट गोल गोल फिरतेय. मागे रांग, आई व्हीलचेअरवर. शेवटी त्यांच्या सुपरवायझरने स्वतःच्या कॉम्प्युटरवर पासपोर्टवरून तपासलं. नवीन पासपोर्ट काढलात तर तो खात्यात आधी जोडून घ्या, नाहीतर खरंच अडकाल.

घारापुरीकर
हे माझ्या भाच्याला आत्ताच पाठवलं.

नवी_आई_टोरांटो
सुमीच्या आईचं वाचून विचारते. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव, मग आडनाव ना? माझी भाची तशी आहे. ती पुढेमागे इकडे आली तर फर्स्ट-मिडल-लास्टच्या तीन रकान्यांत चार नावं कशी बसवायची?

सुमीची_आई
आई आणि वडील दोन्ही मिडलमध्ये जातील असं वाटतं. अडचण आली तर येऊ दे. निदान आईचं नाव कागदावर आलं, त्याचा मला खूप आनंद आहे.

पुन्हा_सांगलीकर
पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच सगळीकडे भरा, स्पेससकट. एवढं पाळलं तर निम्मे हेलपाटे वाचतात.

वांगीभात
आले परत. ह्यांना धागा वाचून दाखवला. गुरुजींच्या पावसाला हसले, मग म्हणाले रानजाईंना सांग, त्या मुलीला बुकिंगच्या आधी तारखा बघायला लावा. आईबद्दल पहिल्यांदाच थोडं बोलले.

नवी_आई_टोरांटो
अवांतर : बाळाच्या ओसीआयचा (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) फोटो घरी काढला तर चालतो का? झोपलेलंच असतं.

शिंपला
चालतो. चौकोनी लागतो, दोन बाय दोन इंच. पांघरुणावर आडवं ठेवून वरून काढ, डोळे उघडे हवेत. दूध पिऊन झालं की लगेच काढ, आमचं तेव्हाच जमलं.