‘नौ लिंग’ की ‘नॉ लिंग’? आणि ‘क्रिओल’ला मराठीत काय म्हणावे?

कुंडलिकाकाठ

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, मुरूड तालुक्यात कोरलई हे गाव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही घरोघर बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास असतील. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढल्याच वर्षी पोर्तुगीजांनी चौल व कोरलईचा किल्ला सोडला. राज्य गेले तरी भाषा मात्र चुलीपाशी राहिली. बोलणारी माणसे तिला ‘आमची भाषा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांनी ओळखतात, आणि माझी सगळी अडचण त्या दोन शब्दांची आहे.

किल्ल्याच्या वाटेवर लावायच्या एका माहितीफलकाचा मराठी तर्जुमा माझ्याकडे आला होता. मूळ मजकूर रोमन लिपीत असल्याने मी बोलीचे नाव ‘नौ लिंग’ असे लिहिले आणि मसुदा पाठवून दिला. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘ही नऊ लिंगे नेमकी कोठे आहेत? दर्शनाची वेळही द्यावी.’ हसून झाल्यावर लक्षात आले की चूक त्या वाचकाची नाही, माझी आहे.

तेव्हा प्रश्न दोन. हे नाव देवनागरीत कसे लिहावे? आणि मूळ मजकुरात या भाषेला ‘क्रिओल’ (वेगवेगळ्या भाषांच्या संपर्कातून घडून पुढे मातृभाषा झालेली बोली) म्हटले आहे, त्याला मराठी शब्द कोणता? मी ‘संकरभाषा’ असे लिहिले होते, पण ते मलाच खुपते आहे. पेंटर येत्या आठवड्यात पत्रा रंगवायला घेणार आहे.

वेलांटी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘नौ’ हा संस्कृतात होडीसाठी आणि हिंदीत नऊ या आकड्यासाठी असलेला शब्द असल्यामुळे तो येथे सर्वथा वर्ज्य मानावा. उच्चार पसरट ‘ऑ’चा असेल तर ‘नॉ’ लिहावे. अर्धचंद्र आपण इंग्रजी शब्दांसाठी स्वीकारला, तो पोर्तुगीज शब्दाला नाकारण्याचे कारण नाही.

दुसऱ्या शब्दाचा घोळ टाळण्यासाठी कोणी ‘लींग’ असे दीर्घ लिहायला सुचवील, म्हणून आधीच सांगून ठेवतो की ते नियमाला धरून होणार नाही. उपान्त्य इकार एरवी दीर्घ असला तरी पुढे अनुस्वार आला की तो ऱ्हस्व होतो. चिंच, डाळिंब, भिंत हे शब्द पाहावेत.

मुक्काम मुरूड

चिंच आणि डाळिंब मराठी आहेत, हा शब्द मराठी नाही. परक्याच्या घरी जाऊन आपल्या घरचे नियम सांगण्यासारखे हे झाले.

माझी काही वर्षे त्या बाजूला गेली आहेत. एकदा कोरलईत एका आजींना मी मोठ्या कौतुकाने विचारले की तुम्ही अजून पोर्तुगीज बोलता का. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोर्तुगीज तो पाद्री बोलायचा. आम्ही आमचीच बोलतो.” मग नातवाला त्यांच्या बोलीत काहीतरी सुनावले आणि लगेच माझ्याकडे वळून आमच्यासारख्याच आगरी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “बसा, च्या घ्या.” त्या ‘च्या’चे मूळही पोर्तुगीजच असावे असा माझा बरेच दिवस समज होता.

सांगायचे इतकेच की त्यांच्या तोंडून मी जे ऐकले ते ‘नॉ लिंग’ असेच होते, आणि शेवटचा ‘ग’ पुरता उच्चारलेला होता. वाचणारा बिचकेल म्हणून नाव बदलायचे, हे मला पटत नाही.

उंबरठा

बिचकण्याचे कारणच काय? लिंग म्हणजे खूण, चिन्ह, ज्यावरून वस्तू ओळखता येते ते. भाषा हीही माणसाची खूणच आहे. लॅटिनमधील ‘लिंग्वा’ आणि संस्कृतातील ‘लिंग’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे. तसे असेल तर फलकावर अभिमानाने ‘लिंग’ लिहावे आणि खाली ही व्युत्पत्ती द्यावी.

धातुरूप

कृपा करून ही व्युत्पत्ती फलकावर देऊ नये. लॅटिनमध्ये ‘लिंग्वा’चे जुने रूप ‘दिंग्वा’ असे होते. त्याचा सांधा संस्कृत ‘जिह्वा’शी, म्हणजे आपल्या जिभेशी, जुळतो. आरंभीच्या ‘द’चा ‘ल’ झाला, त्याला चाटणे या अर्थाच्या लॅटिन धातूची ओढ कारण असावी असे मानतात, आणि तो धातू आपल्या ‘लेहन’, ‘अवलेह’ यांचा नातेवाईक आहे. ‘लिंग’ या घराण्यात कोठेच बसत नाही. केवळ उच्चारसाम्यावर सोयरीक जुळवली की अशी फसगत होते.

पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’ म्हणजे जीभही आणि भाषाही. शिवाय पोर्तुगीज अमदानीत दुभाष्यालाही ‘लिंग्वा’च म्हणत, आणि गोव्यात सरकारी दुभाष्याचे पदच ‘राज्याची जीभ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाई. माणसाला जीभ म्हणणारी ही पद्धत मला फार आवडते. आपण त्याला दुभाषी म्हणून भाषा मोजत बसलो.

वेलांटी

धातुरूप यांचे आभार. मग तर माझी सूचना अधिकच योग्य ठरते. मूळ पोर्तुगीज शब्द ‘लिंग्वा’ आहे, तोच फलकावर लिहावा. गैरसमजही होणार नाही आणि मुळाशी इमानही राहील.

मुक्काम मुरूड

म्हणजे कोरलईच्या माणसाने झिजवून आपलासा केलेला शब्द तुम्ही त्याला पुन्हा लिस्बनच्या इस्त्रीने सरळ करून देणार! उद्या कोणी येऊन ‘पाव’ला ‘पांव’ म्हणा आणि ‘तुरुंग’ला ‘त्रोंकु’ म्हणा असे सांगितले तर चालेल का? नाव त्यांचे आहे. ते जसे म्हणतात तसे लिहावे, आणि शेजारी कंसात ‘आमची भाषा’ असा अर्थ द्यावा.

अर्नाळ्याचा

चर्चा वाचतो आहे. एक गोष्ट आधी स्पष्ट व्हावी, कारण अशा फलकांवर नेहमी एक वाक्य असते की ‘कोकण किनाऱ्यावरील इंडो-पोर्तुगीज समाज ही बोली बोलतो’. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आडनावे पोर्तुगीज वळणाची, घरातील बोली मात्र सामवेदी, म्हणजे कादोडी. कोणाकडे वाडवळी. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द सगळा महाराष्ट्र वापरतो, म्हणून सगळा महाराष्ट्र इंडो-पोर्तुगीज होत नाही. मुंबई आणि साष्टीतील आमच्या बांधवांनी तर १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या सुमारास, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मुद्दाम घेतले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, येथलेच, हे त्यांना सरकारदरबारी दाखवायचे होते.

शाळेत असताना मला एका शिक्षकांनी वर्गात विचारले होते की तुमचे पूर्वज कोणत्या गलबतातून आले. मी म्हटले, आमचे पूर्वज येथेच होते, गलबतातून आले ते नाव आणि क्रूस. तेव्हा ‘इंडो-पोर्तुगीज’ हा शब्द भाषेला किंवा कोरीव फर्निचरला लावा, माणसांना लावताना आधी विचारा.

धातुरूप

अर्नाळ्याचा, माणसांविषयीचे तुमचे म्हणणे मान्य. पण भाषेच्या बाबतीत रेघ इतकी सरळ ओढता येत नाही. वसई, साष्टी, चौल, दमण या पट्ट्याला पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणत. गोव्यातील आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी १९०६ मध्ये या ‘उत्तरेकडील’ इंडो-पोर्तुगीज बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले, ते मुंबई आणि तिच्या उपनगरांतील ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यावर आधारलेले होते. म्हणजे कोरलईच्या बोलीची सख्खी बहीण एके काळी मुंबईच्या परिसरात नांदत होती. ती विरली, कोरलईची राहिली.

राहिली याची कारणे साधी आहेत. वस्ती एका बाजूला पडलेली, लग्ने जातीतच, आणि चर्चमध्ये पोर्तुगीजचा वावर पुढेही बराच काळ. आता पूल आहे, शाळा मराठी आहे. कोचीजवळच्या वायपीन बेटावरील तशाच बोलीचे अखेरचे भाषक विल्यम रोझारिओ २०१० मध्ये वारले.

कलमबाग

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. ‘संकरभाषा’ नको. त्या शब्दाला वर्णसंकराचा वास आहे आणि तो ज्यांच्याविषयी वापरायचा त्यांनी तो आयुष्यभर वेगळ्या अर्थाने ऐकलेला असतो. ‘मिश्रभाषा’ म्हणावे तर कोणती भाषा मिश्र नाही? ‘धेडगुजरी’ ही तर शिवीच आहे.

मी आंब्याच्या धंद्यातला माणूस. माझी सूचना ‘कलमी भाषा’. कोयीतून आलेल्या रायवळ रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. काही आठवड्यांत काडीला तांबूस पालवी फुटली की कलम जगले. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. कोरलईच्या बोलीत शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी, असे मी ऐकले आहे. पोर्तुगीजांच्या काळातच गोव्यात आंब्याची कलमे मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आणि ‘हापूस’ हे नाव अफोंसोवरून आले, तेव्हा उपमाही घरचीच आहे.

स्वभाषा

‘कलम’ हा शब्द अरबी आहे. परकी शब्द टाळण्यासाठी परकाच शब्द घ्यायचा असेल तर ‘क्रिओल’च का नको? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तो याचसाठी. माझ्या मते ‘संमिश्रोद्भवा भाषा’ हा शब्द निर्दोष आहे.

मुक्काम मुरूड

निर्दोष आहे, फक्त तो उच्चारायला माणूस मिळणार नाही. राज्यव्यवहारकोशाचा रोख मुख्यतः फारसी-अरबीवर होता. पोर्तुगीज शब्द मराठीत शिरले ते कचेरीतून कमी आणि स्वयंपाकघर, सुतारकाम व बाजार यांतून अधिक. साबण, बादली, चावी, बिजागरी, घमेले, पगार, लिलाव हे सगळे काढून टाका आणि सायंकाळपर्यंत एक दिवस काढून दाखवा.

स्वभाषा

‘वेतन’ म्हणून पाहा, जीभ झडत नाही. शब्द रुळला म्हणून तो योग्य ठरत नाही, तसे असते तर प्रत्येक चूक वीस वर्षांनी नियम झाली असती.

धातुरूप

बहुतेक नियम तसेच झाले आहेत.

‘क्रिओल’च्या मुळाविषयी थोडे सांगतो. पोर्तुगीज ‘क्रिओलू’ हा ‘क्रियार’ म्हणजे वाढवणे, पोसणे या धातूपासून आलेला मानतात. जो घरात किंवा वसाहतीत जन्मला, वाढला तो क्रिओलू. त्यात मिश्रणाचा अर्थ मुळात नाही, घरी वाढल्याचा आहे. दमणमध्ये अशाच बोलीला तेथील लोक ‘घरची भाषा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज नावाने ओळखतात. कोरलईत ‘आमची’, दमणला ‘घरची’. बोलणाऱ्यांनी कोठेही ‘मिश्र’ म्हटलेले नाही, ते सगळे बाहेरच्यांचे शब्द आहेत. तेव्हा मराठी शब्द घडवायचाच तर तो ‘घर’ किंवा ‘वाढणे’ यांतून घडवावा. ‘घरवाढी भाषा’ असा एक शब्द सुचतो, पण त्यात पानात वाढण्याचा भास होतो हे मलाही दिसते आहे.

कलमबाग

‘घरवाढी’पेक्षा ‘कलमी’ बरा. निदान ऐकणाऱ्याला झाड दिसते. एक शंका मात्र मलाच आली आहे. खोड कोणते आणि काडी कोणती? राज्यकर्त्यांची भाषा वरून आली म्हणून ती काडी म्हणावी, तर ती बोली बोलणारे तिला वरून आलेली मानत नाहीत.

अर्नाळ्याचा

हापूसविषयी: आमच्या आजोबांच्या तोंडी ‘आफूस’ असे. ते रूप अफोंसोच्या अधिक जवळचे आहे. मग आरंभी ‘ह’ कोठून आला, हे कोणी सांगू शकेल का?

वेलांटी

‘ओठ’ आणि ‘होठ’ ही जोडी पाहा. आरंभीच्या स्वराला ‘ह’ची जोड मिळणे अपूर्व नाही. तरीही ‘हापूस’चे कारण तेच असे मी खात्रीने म्हणणार नाही.

उंबरठा

‘पायरी’ही पोर्तुगीज आडनावावरून आली म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. आमच्या परसातील पायरीचे झाड विहिरीच्या पायऱ्यांपाशीच होते.

कुंडलिकाकाठ

सर्वांचे आभार. पेंटर आज येऊन गेला. पांढरा हात मारून झाला आहे, खडूने ओळी आखल्या आहेत, आणि बोलीच्या नावापुरती जागा त्याने मोकळी सोडली आहे. ‘नॉ लिंग’ लिहिले तर खालच्या ओळीत ‘आमची भाषा’ बसते. ‘लिंग्वा’ लिहिले तर बसत नाही, अक्षर लहान करावे लागेल. ‘क्रिओल’च्या ठिकाणी तूर्त मी ‘पोर्तुगीजपासून घडलेली बोली’ असे सरळ लिहून दिले आहे. परवा सकाळपर्यंत कोरलईचे कोणी वाचक येथे असतील तर त्यांनीच सांगावे, म्हणजे मी त्याला निरोप देईन.

अर्नाळ्याचा

पायरीचे झाड विहिरीपाशी होते हे खरे असेल, पण ‘फेर्नांदीन’ नावाचा आंबा कोणत्या पायऱ्यांवरून आला?

उंबरठा

तो मी खाल्लेला नाही, त्यामुळे त्याच्याविषयी बोलणार नाही. ‘पायरी’विषयी उद्या सविस्तर लिहितो.