३४०० जवळचा रुंद पट्टा: नमुन्यातील हायड्रॉक्सिल गट की ओलावा?

प्रश्न: एका घन ॲरोमॅटिक कीटोनचा अवरक्त वर्णपट मी पोटॅशियम ब्रोमाइडची चकती करून घेतला. १६८५ प्रति सेंटिमीटरजवळ (ही तरंगसंख्या, ती जितकी जास्त तितकी तरंगलांबी कमी) कार्बोनिल गटाचा तीव्र पट्टा अपेक्षेप्रमाणे दिसतो. परंतु ३४०० जवळ एक रुंद आणि १६४० जवळ एक लहान पट्टाही येतो. रेणूत हायड्रॉक्सिल (ओ-एच) गट नसताना असे का व्हावे?

पहिले उत्तर: हे दोन पट्टे एकत्र दिसले, की प्रथम पाण्याचा संशय घ्यावा. ३४०० चा पट्टा ओ-एच बंध ताणला जाण्याचा, तर १६४० चा पाण्याचा रेणू वाकण्याचा असतो. साध्या अल्कोहोलमध्ये हा दुसरा पट्टा नसतो, म्हणून माझ्या मते तोच येथे महत्त्वाचा पुरावा आहे. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतील ओलावा सहज धरून ठेवते. ते ११० अंश सेल्सिअसला काही तास वाळवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करा आणि नमुना न घालता केवळ त्याचीच चकती तपासा.

दुसरे उत्तर: एटीआर (स्फटिकातून परावर्तित होणाऱ्या किरणांनी त्यावर दाबलेल्या नमुन्याचा वर्णपट घेण्याची पद्धत) उपलब्ध असल्यास चकतीची गरजच उरत नाही, चूर्ण थेट हिऱ्याच्या स्फटिकावर दाबता येते. मात्र त्यात किरण नमुन्यात जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर शिरतात आणि तरंगलांबी कमी तशी ही खोलीही कमी होत असल्याने ३००० च्या वरचे पट्टे तुलनेने फिके दिसतात. त्यामुळे तेथे ३४०० चा पट्टा दिसला नाही, तरी कोऱ्या चकतीची चाचणी टाळू नका.

प्रश्नकर्ता: कोऱ्या चकतीतही दोन्ही पट्टे आले. आता ब्रोमाइड वाळवून पुन्हा वर्णपट घेतो.