मदत हवी आहे: 'मेमेंटो'मधला इन्सुलिनचा प्रसंग नेमका कुणाचा?

(शेवट उघड केला आहे. सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

ख्रिस्तोफर नोलनच्या 'मेमेंटो'त (२०००) एका जागी अडकलोय. हल्ल्यात डोक्याला मार बसल्यापासून नायक लेनर्डच्या लक्षात नवं काही राहत नाही, आधीचं मात्र शाबूत आहे. सॅमी जँकिसची गोष्ट तो हल्ल्याआधीची म्हणून सांगतो: सॅमीलाही नवं काही आठवत नसे, त्याला पारखायला त्याच्या मधुमेही बायकोने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा इन्सुलिन टोचून घेतलं आणि त्यात ती गेली. शेवटी लेनर्डसोबत वावरणारा टेडी म्हणतो की सॅमीला बायकोच नव्हती, मधुमेह लेनर्डच्या बायकोला होता. म्हणजे इन्सुलिनचा प्रसंग हल्ल्यानंतरचा. मग तो लेनर्डच्या मनात टिकला कसा?

सवयीची स्मृती वेगळी असते, हे मान्य. १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या हेन्री मोलेसनला नवं काही आठवत नसे, तरी आरशात बघून आकृती गिरवायला तो शिकला. पण हाताला वळण लागणं वेगळं आणि अख्खी कथा, तीही दुसऱ्याच्या नावावर, जपणं वेगळं. इथेच माझं घोडं अडतं.

सिनेमात उलटसुलट क्रमाने येणारे कृष्णधवल आणि रंगीत प्रसंग कालक्रमाने लावून पाहिले. खुर्चीत सॅमीच्या जागी क्षणभर लेनर्ड दिसतो, बायकोला चिमटा काढणारा हात सुई टोचताना दिसतो, हेही टिपलंय. पण ते सगळं लेनर्डच्या डोक्यातलं, आणि टेडीचा तर भरवसाच नाही.

दिग्दर्शकाच्या मुलाखतींचे दाखले नकोत, पडद्यावर दिसतं तेवढंच धरा. या दोघांच्या सांगण्याबाहेरचा, टेडीला खरा किंवा खोटा ठरवणारा एखादा तरी पुरावा सिनेमात आहे का?