आपला कथाप्रकार मसुद्यांत शोधावा की मागणीत?

महालकर: लेखकाचा कल त्याच्या आवडत्या पुस्तकांवरून ठरवू नये, अर्धवट टाकलेल्या मसुद्यांवरून ठरवावा. दहा मसुदे काढा. प्रत्येकाचं पहिलं पान वाचून, वाचक कोणत्या प्रश्नापायी पान उलटेल ते एका ओळीत लिहा. 'कोणी केलं?' असेल तर रहस्यकथा. 'हे खरंच घडतंय का?' असेल तर गूढकथा. 'आता याचं काय होणार?' या धास्तीवर सगळं चाललं असेल तर भयकथा. सहा-सात मसुदे एकाच प्रश्नाशी आले की कल सापडला. पडका वाडा, अमावस्या, इन्स्पेक्टर मोजू नका, ती नुसती सजावट.

बर्डीचा वाचक: काहून जी? अर्धवट राहिलं म्हणजे तेच जमत नाही, असाही अर्थ निघतो ना! रहस्यकथा मध्येच अडकते, कारण गुन्हेगार न ठरवताच सुरुवात केलेली असते. मग सुगावे पेरणार कुठून? भयकथा कारणं सांगायच्या नादात मरते. यात कारागिरीतली खोट दिसते, कल नाही.

महालकर: मग दुसरी चाचणी घ्या. एकच बीज चार प्रकारे लिहा, प्रत्येकी ३०० शब्द. समजा, नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत एका बडग्याच्या, म्हणजे शेवटी जाळायच्या पुतळ्याच्या, अंगावर हरवलेल्या माणसाचा शर्ट दिसला. रहस्यकथेत शर्टाचा माग काढायचा. भयकथेत बडग्या जळतो, शर्ट जळत नाही. सामाजिक कथेत तो शर्ट बायकोनंच दिलेला असतो. विनोदीत हरवलेला माणूसच गर्दीत उभा राहून शर्ट परत मागतो. आठवडाभर कागद बाजूला ठेवा. ज्याचा पुढचा प्रसंग न शोधता सुचला, तो प्रकार तुमचा.

अंबाझरी काठ: न शोधता सुचतं ते बहुतेक वेळा वाचलेलंच असतं. आणि प्रकार बाहेरूनही मिळतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावानं विज्ञानकथा पाठवली, पुढे ते त्याच प्रकाराचे मोठे लेखक झाले. दिवाळी अंकांची मागणी पाहून लिहिण्यात कमीपणा कसला?

धंतोलीकर: उदाहरण तुमच्यावरच उलटतं. खगोलशास्त्र त्यांच्याकडे आधीपासून होतं, स्पर्धेनं फक्त दार उघडलं. विज्ञानकथेची कसोटी सोपी आहे: विज्ञान काढून टाका. कथा तरीही उभी राहिली, तर ती विज्ञानकथा नव्हतीच. नुसती मागणी पाहून लिहिणारे इथंच पडतात. यंत्रमानवाच्या जागी घरगडी ठेवला तरी त्यांचं काही अडत नाही.

अंबाझरी काठ: पडू द्या ना. पाच-सहा कथा पडल्याशिवाय कोणता प्रकार आपला नाही हे कळत नाही, आणि त्यासाठी त्या पूर्ण करून पाठवाव्या लागतात. ३०० शब्दांचे तुकडे कोणी परत पाठवत नाही.

बर्डीचा वाचक: त्या ३०० शब्दांतच गडबड आहे बाप्पा. एवढ्या जागेत विनोदी नेहमीच जिंकते, एका कोटीवर निभावतं. १००० शब्दांपर्यंत नेली की पात्र लागतं, तिथं बहुतेकांचा दम निघतो. सामाजिक कथा उलट, ३०० शब्दांत ती बातमीसारखी वाटते.

महालकर: हे पटलं. विनोदी आणि सामाजिक १००० शब्दांवर तपासा. पण पाठवण्याची घाई नको; संपादकाचा नकार प्रकारामुळे आला की जागा भरल्यामुळे, हे त्या दोन ओळींच्या पत्रात कधीच लिहिलेलं नसतं.