मदत हवी आहे : सरांना एसीबीने सापळ्यात अडकवलं, कोर्टात काय टिकेल?

रानजाई : घाईत धागा काढतेय. आमच्या सरांना आज दुपारी एसीबीने (लाचलुचपतवाल्यांनी) उचललं. पोलिसांनीच पावडर लावलेल्या नोटा देऊन माणूस पाठवला. मग गुन्हा घडवला कोणी? अमेरिकेत पोलिसांनी भरीस पाडलं तर सुटतात म्हणे. आपल्याकडे तशी तरतूद आहे का? उद्या कोर्टात नेणार आहेत, लवकर सांगा.

खडूस_पंच : सर कुठले? पैसे कशाचे? निम्मं पोटात ठेवून सल्ले मागू नका.

रानजाई : विद्यापीठातले. एकाचा पीएचडीचा प्रबंध पुढे पाठवायचा होता. सरांनी पैशांना हातही लावला नाही. पावडर लागली असती तर हात धुतल्यावर पाणी गुलाबी झालं असतं, ते झालंच नाही!

बाराभाई : मग पैसे सापडले कुठे?

रानजाई : ड्रॉवरमध्ये. "तिथे ठेव" एवढंच म्हणाले.

खडूस_पंच : घ्या! झाला की स्वीकार.

तालुकाकोर्ट : विद्यापीठाचा प्राध्यापक १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकच धरलाय, तिथे पळवाट नाही. भरीस पाडलं म्हणून आपोआप सुटका, असं कलम आपल्याकडे नाही. पण १९५४ साली राव शिव बहादुर सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना झापलं होतं, की देणाऱ्याकडे पैसेच नसताना ते पुरवून लाच घडवून आणू नका. रजत प्रसाद निकालातही (२०१४) रास्त सापळा आणि गैर सापळा असा फरक केलाय. नोटा कोणाच्या होत्या? सहसा तक्रारदारच आणतो, पथक फक्त पावडर लावतं.

दिवेलागण : आमच्या वेळी गाईडच्या घरचं दळणसुद्धा आणलंय. तेव्हा कुठे होती एसीबी?

शून्यप्रहर : लाच मागितली तर १०६४ला फोन करा. टोल फ्री आहे.

खडूस_पंच : अहो, सर आत आहेत! फोन ऑलरेडी झालाय.

सातासमुद्रापार : अमेरिकेतही नुसते पैसे पुढे केले म्हणून कोणी सुटत नाही. जेकबसन खटल्यात (१९९२) माणसाचा गुन्ह्याकडे कल आधीपासून होता, हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, म्हणून तो सुटला.

तालुकाकोर्ट : अमेरिका राहू द्या. नीरज दत्ता निकाल (२०२२, पाच न्यायमूर्ती) वाचा. मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. नुसत्या नोटा सापडून भागत नाही. तक्रारदार फिरला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, हेही त्यातच आहे. सापळ्याआधी मागणीची पडताळणी झाली होती का? रेकॉर्डर, पंच?

रानजाई : तक्रारदार आधी एकदा रेकॉर्डर घेऊन गेला होता म्हणतात. सर म्हणाले, "बघ, तुला जमेल तसं."

बाराभाई : हे कशाचं उत्तर होतं? त्याने आपणहून विचारलं, "किती देऊ?" असं?

रानजाई : ते माहीत नाही. इतका फरक पडतो?

तालुकाकोर्ट : सगळा तिथेच पडतो. मागणीआधीच तो पैसे पुढे करत असेल, तर वकिलाला बोलायला जागा आहे. सर आधी सूचक बोलले असतील, तर अवघड. संभाषणाची लेखी प्रत आरोपपत्रासोबत मिळेल. तोवर फक्त जामिनाचं बघा, आणि घरच्यांना सांगा, तक्रारदाराला फोन करू नका.

रानजाई : सरांच्या मुलाने मघाशीच केला.

खडूस_पंच : 🙏

दिवेलागण : दळणाचं कोणी बोललंच नाही.